एपोड कार्यक्रम

एपोड हा लहान मुले असलेल्या कुटुंबांत समतोल आहार आणि नियमित शारीरिक हालचाल रुजावी, यासाठी फ्रान्समध्ये २००४ साली सुरू झालेला नगरपातळीवरील सामुदायिक कार्यक्रम होय. पाच ते बारा वर्षांची मुले आणि त्यांचे आईवडील हा त्याचा मुख्य लक्ष्यगट आहे. उत्तर फ्रान्समधील फ्लर्बे आणि लाव्हाँती या दोन छोट्या गावांत १९९२ पासून चाललेल्या प्रदीर्घ अभ्यासातून तो उदयास आला. पुढे बेल्जियम, स्पेन, ग्रीस, नेदरलँड्स, दक्षिण ऑस्ट्रेलिया इत्यादी ठिकाणी याच नमुन्यावर कार्यक्रम उभे राहिले. बालपणातील लठ्ठपणा हा एकट्या कुटुंबाचा दोष न मानता गावाच्या एकूण राहणीचा परिणाम मानणे, ही या कार्यक्रमामागची मूळ धारणा आहे. खाद्यपदार्थ कंपन्यांकडून घेतलेल्या आर्थिक साहाय्यामुळे तो तितकाच वादग्रस्तही ठरला.

नाव

‘एपोड’ हे एका फ्रेंच वाक्याच्या आद्याक्षरांचे संक्षिप्त रूप आहे. ‘आपण सारे मिळून मुलांचा लठ्ठपणा रोखू’ असा त्या वाक्याचा आशय आहे. नावात लठ्ठपणाचा उल्लेख असला तरी गावातील भित्तिपत्रकांवर व पत्रकांवर तो शब्द येऊ नये, असा कार्यकर्त्यांचा आग्रह असे. ही विसंगती उघड होती. २०११ पासून फ्रान्समधील कार्यक्रम ‘व्हिव्हाँ आँ फॉर्म’, म्हणजे ‘तंदुरुस्त जगू या’, या नावाने चालू लागला आणि ती आपोआप दूर झाली.

पार्श्वभूमी

फ्रान्स म्हटले की बेताचे, चवीने आणि वेळेवर जेवणारे लोक असे चित्र डोळ्यांसमोर येते. ते पूर्णतः खोटे नाही. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत तेथील मुलांचे वजन सातत्याने वाढत गेले. २००० सालच्या सुमारास सात ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १८ टक्के मुले अतिवजनाची असल्याचे आढळले. ही वाढ सर्व घरांत सारखी नव्हती. कामगार कुटुंबांतील मुलांत अतिवजनाचे प्रमाण वरिष्ठ अधिकारी व व्यावसायिक यांच्या मुलांपेक्षा पुष्कळ अधिक होते.

मुलांच्या बाबतीत अतिवजन ठरविण्याची रीत प्रौढांहून निराळी असते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्याला शरीर-वस्तुमान निर्देशांक म्हणतात. प्रौढांसाठी २५ च्या वरील अंक अतिवजनाचा आणि ३० च्या वरील लठ्ठपणाचा समजला जातो. वाढत्या वयाच्या मुलांत मात्र हा अंक वयाप्रमाणे बदलतो: पहिल्या वर्षानंतर तो उतरतो, सहाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत कमी असतो आणि मग पुन्हा चढू लागतो. म्हणून प्रत्येक वयासाठी मुलांची आणि मुलींची वेगवेगळी सीमारेषा वापरावी लागते. सहा वर्षांचे मूल नुसत्या डोळ्यांना ‘बाळसेदार’ वाटते की अतिवजनाचे, यावर विसंबता येत नाही, याचे कारण हेच. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत आईवडिलांचा अंदाज विशेष चुकतो.

फ्लर्बे-लाव्हाँती अभ्यास

फ्लर्बे आणि लाव्हाँती ही पा-द-कॅले विभागातील, लील शहरापासून जवळ असलेली शेजारची गावे. अभ्यासाच्या काळात दोन्ही गावांची एकत्रित लोकसंख्या सुमारे ६,६०० होती. फ्रान्सचा हा उत्तरेकडील भाग जुन्या कोळसाखाणी आणि कापडगिरण्यांचा. हृदयविकार व लठ्ठपणा या दोहोंचे प्रमाण येथे देशाच्या सरासरीपेक्षा अधिक होते. अंतःस्रावविज्ञान व पोषण या विषयांचे वैद्य झाँ-मिशेल बोरिस आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये येथे एक साधा प्रश्न घेऊन काम सुरू केले: शाळेत मुलांना आहाराचे शिक्षण दिले, तर घरातल्या स्वयंपाकात फरक पडतो का?

पहिला टप्पा शाळेपुरता होता. शिशुवर्गापासूनच्या शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले. आहार हा स्वतंत्र विषय न ठेवता तो इतर विषयांत मिसळण्यात आला. मुलांसाठी सामूहिक न्याहारी, शेतांना व अन्नप्रक्रिया होणाऱ्या ठिकाणांना भेटी, स्वयंपाकाचे वर्ग असे उपक्रम झाले आणि शाळेच्या भोजनगृहातील पदार्थांकडेही लक्ष देण्यात आले. मुले घरी जाऊन सांगत असल्यामुळे पालकांपर्यंत माहिती पोहोचली. मुलांचे ज्ञान वाढले आणि घरच्या आहारातही काही बदल नोंदले गेले.

वजनात मात्र अपेक्षित फरक पडला नाही. २००० पर्यंत या दोन गावांतील मुलांचा सरासरी निर्देशांक आसपासच्या प्रदेशाप्रमाणे वाढतच राहिला. मुलाला गाजराचे गुण ठाऊक असणे आणि घरी गाजर शिजणे यांत अंतर आहे. घरी गाजर शिजूनही मूल दिवसभर बसूनच राहत असेल, तर हे अंतर आणखी वाढते. अभ्यासाचा हा निष्कर्ष नकारात्मक होता, परंतु पुढच्या सर्व कार्यक्रमाचे वळण त्यानेच ठरविले.

१९९७ ते २००२ या मधल्या काळात स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे ३०० कुटुंबांची मापे, आहार आणि हालचाल यांचा अभ्यास करण्यात आला. त्यानंतर २००२ ते २००७ या टप्प्यात सारे गाव कामाला लागले. आहारतज्ज्ञ नेमण्यात आले. शाळांत व्यायाम व खेळ घेण्यासाठी क्रीडाशिक्षक आला. खेळाच्या नव्या सोयी झाल्या, कुटुंबांनी एकत्र भाग घ्यावा असे मैदानी कार्यक्रम भरले आणि शाळेत चालत जाण्याचे दिवस ठरले. गावातील डॉक्टर, औषधविक्रेते, दुकानदार, क्रीडामंडळे आणि नगरपालिका या सर्वांनी एकाच सुमारास एकच गोष्ट सांगावी, अशी योजना होती.

२००४ मध्ये या दोन गावांतील पाच ते बारा वर्षांच्या मुलांत अतिवजनाचे प्रमाण ८.८ टक्के आढळले. त्याच भागातील तुलनेसाठी निवडलेल्या दोन गावांत ते १७.८ टक्के होते. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. जवळजवळ निम्मे प्रमाण ही आकडेवारी तेव्हापासून सर्वत्र उद्धृत केली जाते. तिच्यासोबत सांगावयाची एक मर्यादा मात्र बहुधा गाळली जाते. तुलनेच्या गावांतील मुलांची मोजणी केवळ २००४ मध्ये, एकदाच, झाली होती. ती गावे १९९२ मध्ये कोणत्या स्थितीत होती हे त्या मोजणीवरून कळत नाही. शिवाय कोणत्या गावात कार्यक्रम राबवायचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते.

दहा नगरांपासून सुरुवात

या अनुभवाच्या आधारावर जानेवारी २००४ मध्ये दहा फ्रेंच नगरांत एपोड सुरू झाला. त्यांत रुबे, बोव्हे, बेझिए, एव्हर, व्हित्रे, तिएर, र्वायाँ अशी निरनिराळ्या आकाराची व आर्थिक स्थितीची नगरे होती. पुढील सात-आठ वर्षांत सहभागी नगरांची संख्या दोनशेच्या वर गेली.

कार्यक्रमाचे चार आधार सांगितले जातात: स्थानिक राजकीय नेतृत्वाची बांधिलकी, सार्वजनिक व खासगी भागीदारीतून निधी, सामाजिक विपणन आणि शास्त्रीय मूल्यमापन. यांपैकी पहिला आधार फ्रान्सच्या शासनव्यवस्थेशी निगडित असल्यामुळे नीट समजून घेण्याजोगा आहे. त्या देशात प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम व शिक्षक राष्ट्रीय शासनाकडे असतात. पण शाळेची इमारत, दुपारचे भोजनगृह, तेथे वाढणारे कर्मचारी, शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणारे कार्यकर्ते, खेळाची मैदाने आणि तरणतलाव हे सारे नगरपालिकेच्या अखत्यारीत येते. त्या काळी बहुतेक प्राथमिक शाळांना बुधवारी सुटी असे आणि अनेक मुले तो दिवस नगरपालिकेच्या करमणूक केंद्रांत घालवीत. म्हणजे मुलाच्या आठवड्यातील खाण्या-खेळण्याचा बराच मोठा वाटा नगराध्यक्षाच्या सहीखाली येतो. एपोडने आरोग्य खात्याऐवजी नगराध्यक्षाचे दार आधी ठोठावले, ते यामुळे.

नगराध्यक्षाने करारावर सही केली की एक स्थानिक प्रकल्पप्रमुख नेमला जाई. ही व्यक्ती बहुधा पालिकेच्याच सेवेतील असे. तिच्याभोवती शाळेतील परिचारिका, शिक्षक, भोजनगृहाचा आचारी, क्रीडामंडळाचे पदाधिकारी, बालसंगोपन केंद्राच्या सेविका, दुकानदार अशी मंडळी जमविली जात. मध्यवर्ती कार्यालय प्रशिक्षण आणि साहित्य पुरवी व तज्ज्ञ समिती मजकूर तपासून देई.

कामाची रीत

वर्षातील काही महिने एकाच विषयावर भर देण्याची पद्धत होती. फळे व भाज्या, तहानेसाठी पाणी, वयानुसार वाढप, घराबाहेरचे खेळ, झोप असे विषय पाळीपाळीने घेतले जात. एखादा विषय लागला की तोच शाळेच्या फळ्यावर, भोजनगृहाच्या ताटात, बाजाराच्या दिवशी मांडलेल्या टेबलावर आणि डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात दिसे. उपदेशाची भाषा टाळावी, आनंदाची वापरावी, असा संकेत होता. ‘गोड खाऊ नका’ असे सांगण्याऐवजी हंगामात आलेली फळे मुलांना हाताळायला, हुंगायला आणि चाखायला दिली जात. अनोळखी भाजी मूल पहिल्याच खेपेला नाकारते, परंतु ताटात ती पुनःपुन्हा आली तर पुष्कळदा स्वीकारते, हे बालआहाराच्या अभ्यासातून पुढे आलेले निरीक्षण या चाखण्याच्या कार्यक्रमांच्या मुळाशी होते.

फ्रेंच मुलांचे खाणे परंपरेने चार वेळांत विभागलेले असते: न्याहारी, दुपारचे जेवण, चार-साडेचारचे ‘गूते’ आणि रात्रीचे जेवण. गूते म्हणजे आपल्याकडील मधल्या वेळचे खाणे. या चार वेळांबाहेरचे अरबटचरबट खाणे कमी करणे आणि वेळा पाळणे यांवर कार्यक्रमाचा भर राहिला. येथे नवी सवय लावण्यापेक्षा सुटत चाललेली जुनी सवय धरून ठेवायची होती, आणि ते काम तुलनेने सोपे गेले असावे.

व्यायामाच्या बाबतीत स्पर्धात्मक खेळांपेक्षा रोजच्या हालचालीला महत्त्व देण्यात आले. खेळात मागे पडणारे मूल स्पर्धेपासूनच दूर जाते, आणि नेमक्या त्याच मुलाला हालचालीची गरज अधिक असते. ‘पेदिबस’ हा या संदर्भातील लोकप्रिय उपक्रम. त्यात मोटार नसते. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या थांब्यांवर, ठरलेल्या वेळी पालकांपैकी कोणीतरी मुलांची रांग घेऊन पायी शाळेला जाते. पुढे एक मोठे माणूस, मागे एक आणि मध्ये मुले, अशी ती छोटी दिंडीच असते. ही कल्पना एपोडची स्वतःची नव्हे. युरोपात ती आधीपासून प्रचलित होती. एपोडच्या नगरांनी ती उचलून धरली. शाळेभोवतीची मोटारींची गर्दी घटणे हा नगरपालिकांच्या दृष्टीने अधिकचा लाभ होता.

मुलांची उंची व वजन शाळेत प्रशिक्षित व्यक्तींकडून मोजून घेतले जाई. निष्कर्ष वर्गात जाहीर न करता पालकांना स्वतंत्रपणे कळविले जात आणि आवश्यक तेथे कुटुंबाच्या डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला दिला जाई. कोणत्याही मुलाकडे, कुटुंबाकडे किंवा खाद्यपदार्थाकडे बोट दाखवायचे नाही, हे कार्यक्रमाचे तत्त्व होते. मुलांच्या बाबतीत त्याची आवश्यकता निर्विवाद आहे. वजनावरून चिडविले गेलेले मूल मैदानापासून आणि पुष्कळदा शाळेपासूनही दुरावते. खाद्यपदार्थांच्या बाबतीत मात्र हेच तत्त्व वादाचे मूळ बनले.

निधी आणि आक्षेप

स्थानिक खर्च नगरपालिका करीत. मध्यवर्ती समन्वयासाठी लागणारा पैसा मोठ्या प्रमाणात खासगी भागीदारांकडून येई आणि त्यांत विमा व्यवसायातील प्रतिष्ठानाबरोबरच नेस्ले, फेरेरो यांसारख्या खाद्य कंपन्या होत्या. २०११ मध्ये स्थापन झालेल्या एपोडच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याच्या भागीदारांत कोका-कोला कंपनीचाही समावेश होता. भागीदारांनी कार्यक्रमाच्या आशयात हस्तक्षेप करू नये आणि आपल्या उत्पादनाच्या जाहिरातीसाठी त्याचा वापर करू नये, अशा अटींची सनद त्यांच्याकडून स्वीकारून घेतली जाई.

समर्थकांचे म्हणणे असे की, सरकारी निधी अपुरा व अनिश्चित असतो, कंपन्यांच्या पैशाविना दहा नगरांचे दोनशे नगरांपर्यंत विस्तारणे शक्य नव्हते, आणि सनदीमुळे आशय सुरक्षित राहिला. टीकाकारांचा आक्षेप निराळ्या जागी आहे. कंपनीने मजकुरात एक शब्दही बदलला नाही, असे मानले तरी कोणते विषय मुळातच निघणार नाहीत, हे आधीच ठरून जाते. कोणत्याही पदार्थाला दोष द्यायचा नाही असे एकदा म्हटले की साखरमिश्रित पेये, मुलांसाठी केलेल्या जाहिराती, त्यांवरील कर किंवा निर्बंध हे प्रश्न कार्यक्रमाच्या कक्षेबाहेर जातात. उरतात ते आईवडिलांनी आणि मुलांनी करावयाचे बदल. गावाच्या राहणीला जबाबदार धरणारी मूळ धारणा अशा रीतीने पुन्हा कुटुंबाकडेच येऊन थांबते. हा आक्षेप सहज बाजूला सारता येत नाही. फ्रान्समध्ये या दिशेने जे निर्णय झाले ते कायद्याच्या मार्गाने झाले. सप्टेंबर २००५ पासून शाळांतील खाद्यपेयांची विक्रीयंत्रे बंद करण्यात आली, २००७ पासून गोड पेये व प्रक्रिया केलेल्या पदार्थांच्या जाहिरातींसोबत आरोग्यसंदेश देणे बंधनकारक झाले आणि जानेवारी २०१२ पासून साखरमिश्रित पेयांवर कर लागला.

परिणामांचे मूल्यमापन

पहिल्या दहापैकी आठ नगरांतील शालेय मोजण्यांच्या आधारे २००५ ते २००९ या काळात अतिवजन व लठ्ठपणा यांच्या एकत्रित प्रमाणात सुमारे ९ टक्क्यांची सापेक्ष घट झाल्याचे कार्यक्रमाच्या संचालकांनी प्रसिद्ध केले. सापेक्ष घट याचा अर्थ शंभर मुलांपैकी नऊ मुले कमी झाली असा नव्हे. आधी शंभरांत साधारण वीस मुले अतिवजनाची असतील, तर ती अठराच्या आसपास आली, असा तिचा अर्थ होतो. विद्यार्थ्यांनी अशी आकडेवारी वाचताना हा भेद ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

ही घट एपोडमुळेच झाली असे खात्रीने म्हणता येत नाही. या नगरांबरोबर तुलनेसाठी दुसरी नगरे घेतलेली नव्हती. त्याच काळात संपूर्ण फ्रान्समध्ये मुलांच्या अतिवजनाची वाढ थांबल्याचे राष्ट्रीय पाहण्यांतून दिसत होते. २००१ पासून सुरू झालेला राष्ट्रीय पोषण-आरोग्य कार्यक्रम आणि वर उल्लेखिलेले निर्बंध यांचाही त्यात वाटा असू शकतो. देशाची सरासरी स्थिरावत असताना गरीब आणि सुस्थित घरांतील मुलांमधील अंतर मात्र टिकून राहिले. शनिवारच्या मैदानी कार्यक्रमाला यायला, पेदिबससाठी सकाळचा अर्धा तास द्यायला आणि ताजी भाजी घ्यायला ज्या घरांना सवड व पैसा असतो, त्यांनाच अशा उपक्रमांचा लाभ आधी मिळतो.

अन्य देशांतील प्रसार

बेल्जियममध्ये ‘व्हियासानो’ व स्पेनमध्ये ‘थाओ’ हे कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाले. दक्षिण ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये ‘ओपल’ आला. ग्रीस आणि रोमानियातही याच नमुन्याचे कार्यक्रम निघाले.

सर्वाधिक चर्चा झाली ती नेदरलँड्सची. तेथे २०१० मध्ये ‘जॉग’ हा राष्ट्रीय कार्यक्रम एपोडच्या धर्तीवर सुरू झाला आणि ॲम्स्टरडॅम महानगरपालिकेने २०१३ पासून त्याच्याशी संलग्न असा स्वतःचा, अधिक कडक, कार्यक्रम आखला. आरोग्य व क्रीडा या खात्यांचे प्रमुख एरिक व्हान डेर बर्ग हे त्याचे सूत्रधार होते. मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करणाऱ्या पक्षाच्या या नेत्याने गोड पेये व झटपट खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपन्यांचे प्रायोजकत्व मुलांच्या क्रीडा कार्यक्रमांना घेऊ नये, अशी भूमिका घेतली. सहभागी शाळांत मुलांनी डब्यासोबत फळांचे रस न आणता पाणी किंवा दूध आणावे, असा नियम झाला. वाढदिवसाला वर्गात मिठाई वाटण्याची प्रथा बदलण्यात आली. तुर्की व मोरोक्कन वंशाच्या कुटुंबांच्या वस्त्यांत आयांसाठी स्वयंपाकाचे वर्ग व गृहभेटी सुरू झाल्या. बाळाच्या पहिल्या एक हजार दिवसांवर, म्हणजे गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या काळावर, विशेष लक्ष देण्यात आले. ज्या घरावर कर्जाचा बोजा आहे आणि मूल दोन भावंडांसह एका खोलीत झोपते, तेथे भाज्यांचे माहितीपत्रक देऊन काही साधत नाही, हे ओळखून कर्जनिवारण आणि गृहनिर्माण ही खातीही कार्यक्रमात ओढण्यात आली.

शहराने आपली उद्दिष्टे धावण्याच्या शर्यतींच्या भाषेत मांडली होती: २०१८ पर्यंत पाच वर्षांखालील, २०२३ पर्यंत दहा वर्षांखालील आणि २०३३ पर्यंत शहरातील सर्व मुले योग्य वजनाची असावीत. शेवटच्या टप्प्याला पूर्ण मॅरेथॉन म्हटले गेले. २०१२ मध्ये ॲम्स्टरडॅममधील २१ टक्के मुले अतिवजनाची होती. २०१५ मध्ये हे प्रमाण १८.५ टक्क्यांवर आले आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. त्यानंतर ही घट मंदावली आणि २०१८ चे उद्दिष्ट ठरल्याप्रमाणे गाठता आले नाही.